‘रुपे’ म्हणजे देखणे नव्हे, ठशाचे!

सांगलीच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न: ‘सराफाने अंगठी ९२५ची, स्टर्लिंग सिल्व्हरची आहे म्हणून दिली. सासूबाई तिला जर्मन सिल्व्हर म्हणतात. दोन्ही एकच का? आणि मराठीत काय म्हणायचं?’

एकच नव्हेत! ही गल्लत ऐकून कान किटलेत. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी त्यात औषधालाही नसते. स्टर्लिंगमध्ये हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. निव्वळ चांदी मऊ, रोजच्या वापरात वाकते, म्हणून ही खोट मुद्दाम घालतात. विटा-आटपाडीकडच्या कुठल्याही गलाईवाल्याला, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याला विचारा, खोट म्हणजे मिसळलेला हलका धातू, लबाडी नव्हे.

आता मराठी नाव. चांदीला आपला जुना शब्द ‘रुपे’. ‘रूप म्हणजे सौंदर्य, म्हणून रुपे’ असं भले भले ठोकून देतात. त्यांनी सूत्र अर्धंच वाचलंय. पाणिनी म्हणतो, ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’ (५.२.१२०). ‘रूप’ला ‘य’ हा प्रत्यय दोन अर्थी लागतो: प्रशंसा, आणि तिच्याआधी ‘आहत’, म्हणजे ठोकून उठवलेलं. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण बघा: ‘रूप्यं कार्षापणम्’; कार्षापण म्हणजे प्राचीन नाणं. ठोकल्याने नाण्यावर जे रूप उमटतं ते आहत, असा खुलासाही तिथेच आहे. देखणेपणाचं उदाहरण आहे ‘रूप्यः पुरुषः’, तिथे धातूचं नावही नाही. तेव्हा माझ्या मते ‘रुपे’ हे नाव ठशावरून नाण्याला आणि नाण्यावरून धातूला आलं. रुपयाही त्याच घरातला.

आणि गंमत म्हणजे ‘स्टर्लिंग’सुद्धा आधी नाणंच, नॉर्मन काळातली इंग्लंडची चांदीची पेनी! त्यावरच्या बारीक ताऱ्यावरून हे नाव पडलं, हे मला पटतं. ‘ईस्टरलिंग’ म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांवरून पडलं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, ज्या पहिल्या अक्षरावर सगळा जोर, तेच गळून कसं पडलं?

हां, अंगठी. ‘साडेब्याण्णव टंचाची चांदी’ म्हणा, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग शुद्ध; कुठल्याही सराफाला कळेल. घेताना नुसत्या कोरलेल्या ९२५वर जाऊ नका, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क बघा आणि पक्की पावती घ्या. काळी पडली म्हणून सासूबाईंनी नकली ठरवली असेल, तर हवेतल्या गंधकाच्या वायूंनी अस्सल चांदीही काळवंडते. मऊ सुती कापडाने पुसा, कोरडी करून बंद डबीत ठेवा. टूथपेस्टने मात्र घासू नका; ओरखडे पडतात आणि बारीक ठसा झिजतो तो वेगळाच.