सामाईक विहीर, हक्कसोडपत्र आणि मंडळीतले दोन गट

वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं भांडणांची आहेत. शेतातली, घरातली, मंडळीतली (म्हणजे चर्चमधली). जवळपास प्रत्येकाने शेवटी एकच विचारलंय: नम्र व्हायचं म्हणजे सोडून द्यायचं का? उत्तर प्रत्येक प्रकरणात वेगळं येतं, म्हणून प्रश्न एकेक करून घेऊ.

प्रश्न (परभणी जिल्हा): धाकटा भाऊ आणि मी दोघंही विश्वासी (ख्रिस्ती). विहीर सामाईक, पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. यंदा हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी त्यानं माझ्या पाळीतही मोटार चालू ठेवली. धुऱ्यावर बाचाबाची झाली, तेव्हापासून बोलणं बंद. देवानं त्याला सुबुद्धी द्यावी म्हणून रोज प्रार्थना करतो. काही फरक नाही.

उत्तर: तुमची प्रार्थना भावासाठी आहे. बायबलमध्ये, याकोब 1:5 मध्ये, ज्याला ज्ञान कमी पडतंय त्याने ते स्वतःसाठी मागावं असं सांगितलंय. गिबोनात शलमोन राजानेही शत्रूंचा जीव मागितला नाही, न्याय करायला लागणारं समजूतदार मन मागितलं (1 राजे 3). तेव्हा आठवडाभर एवढंच मागा: "प्रभू, यात मला न दिसणारं काय आहे ते दाखव." आणि दाखवलं तर ते मान्य करायची तयारी ठेवा. ती नसेल तर ही प्रार्थना म्हणजे देवाला आपल्या बाजूचा वकील करणं आहे.

मग कागद घ्या. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे मनाने लावलेला अर्थ. "माझ्या पाळीत दोन रात्री त्याची मोटार चालू होती" हे डावीकडे. "मला बुडवायला मुद्दाम केलं" हे उजवीकडे. भांडणाला जोर बहुधा उजव्या बाजूच्या मजकुरानेच येतो. त्याच्या पाळीत डीपी जळालेली असेल, लाइटच नसेल, आणि त्याने तो खाडा परस्पर तुमच्या पाळीत भरून काढला असेल. न विचारता केलं ही चूक आहेच, पण ती वेगळी चूक.

बोलायला धुऱ्यावर जाऊ नका, मोटार चालू असताना तर नाहीच. मत्तय 18:15 मधली पहिली पायरी दोघांनी एकांतात बोलण्याची आहे. त्याच्या घरी, संध्याकाळी, मेव्हण्याला सोबत न घेता जा. सुरुवात स्वतःच्या वाट्यापासून करा: "त्या दिवशी मी चारचौघांत तुला बोललो, ते चुकलं." इथे थांबा. पुढे "पण तूही" आलं की माफी तिथेच संपते. मत्तय 7:5 मध्ये आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगितलंय, पण भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच ठेवायला सांगितलेलं नाही. म्हणून तो बोलून झाला की पाण्याचा विषय काढा.

पाळी दिवसांवर ठेवली की ती मोडणारच, कारण लाइट कधी दिवसा, कधी रात्री, कधी नाहीच. मोटार प्रत्यक्ष चालली त्या तासांवर पाळी ठरवा. स्टार्टरच्या पेटीत एक वही ठेवा. तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि सही, एवढं पुरे. मोटार जळाली तर खर्च कोणी किती करायचा, तेही आत्ताच लिहून ठेवा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की आधी कोणाचं पीक जगवायचं, हे मार्चमध्ये नव्हे, पेरणीआधी बोलायचं असतं.

काही जण तुम्हाला इसहाकाचं उदाहरण देतील. गरारच्या खोऱ्यात त्याने दोन विहिरींवरचा वाद सोडला आणि तिसरी खणली (उत्पत्ती 26). ते खरंच आहे, पण त्याच्याकडे पुढे सरकायला मोकळं रान होतं. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून वाहतं. रागाच्या भरात शेजारी बोअर घेतला तर सामाईक विहीरच आटू शकते आणि दोघंही बसतात. शिवाय तोच इसहाक पुढे गरारच्या राजाला, अबीमलेखाला, तोंडावर विचारतो, "तुम्ही माझा द्वेष केलात, मग आता का आलात?" नंतर जेवण होतं, शपथ होते. माघार घेणाऱ्याला स्पष्ट बोलता येत नाही, असं नाही.

प्रश्न (जालना): नाताळच्या कार्यक्रमाच्या हिशेबावरून तरुण संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला. खजिनदारावर आरोप झाले. मी अॅडमिन आहे. काय करू?

उत्तर: ग्रुपवर "या विषयावर समोरासमोर बोलू" एवढंच लिहा आणि काही दिवस फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा. बायबलची वचनं टाकू नका. अशा वेळी वचन प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच दिसतं. आरोप करणाऱ्याने आधी खजिनदाराला एकट्याने भेटावं, पावत्या बघाव्यात. तरी शंका उरली तर एक-दोघांना सोबत न्यावं. त्याच आठवड्यात जमा-खर्च, पावत्या आणि शिल्लक रक्कम एका पानावर मांडून दोन सभासदांनी तपासून सही करावी. प्रामाणिक खजिनदाराला याचा राग यायचं कारण नाही. यरुशलेमसाठी गोळा झालेली वर्गणी नेताना पौलानेही सोबत इतर माणसं घेतली होती, कोणी बोट ठेवू नये म्हणून (2 करिंथ 8:18-21). आरोप ग्रुपवर झाला असेल आणि खोटा ठरला, तर माफीही ग्रुपवरच हवी.

प्रश्न (बीड जिल्हा): वडील वारले, मृत्युपत्र नाही. आई, दोन भाऊ आणि मी. नऊ एकर जमीन. भाऊ म्हणतात, "ताई, तू खरी विश्वासी असशील तर हक्कसोडपत्रावर सही कर. पौलानं लिहिलंय, अन्याय सोसा." पाळकसाहेबही (पास्टर) म्हणाले, नम्रता दाखवा.

उत्तर: 1 करिंथ 6:7 मध्ये "अन्याय का सोसत नाही?" असं विचारलंय हे खरं. पण लगेच पुढच्या ओळीत पौल अन्याय करणाऱ्यांना, आपल्याच भावांना लुबाडणाऱ्यांना झापतो. तुमच्या भावांनी सातवं वचन तुम्हाला ऐकवलं, आठवं स्वतः वाचलेलं दिसत नाही. त्याग ज्याचा हक्क आहे त्याने मनाने करायचा असतो. समोरच्याने मागून घेतला की ती वसुली होते.

देवापुढे हक्क मागणं गर्विष्ठपणाचं आहे का? गणना 27 काढा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या लोकांसमोर मोशेकडे वतन मागायला आल्या. मोशेने स्वतःच्या अधिकारात निकाल दिला नाही, प्रकरण परमेश्वरापुढे नेलं. उत्तर आलं की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. मोशे पृथ्वीवरच्या सगळ्यांहून नम्र होता असं त्याच पुस्तकात, 12:3 मध्ये, लिहिलंय. त्याची नम्रता इथे दिसते: मला ठाऊक नाही, विचारून सांगतो. तुमच्या पाळकसाहेबांनी यातून काही घ्यावं.

कायद्याचं सांगायचं तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना समान. तुमच्या नऊ एकरांत आईचे तीन एकर आणि तुम्हा तिघांचे दोन-दोन. मुलाला जन्मतःच हिस्सा मिळण्याची हिंदू कायद्यातली कल्पना इथे नाही, त्यामुळे "जमीन वडिलोपार्जित आहे, लेकीला नसते" हे म्हणणं टिकत नाही. आधी तलाठ्याकडे वारस नोंदीत चौघांचीही नावं लागली आहेत का पाहा. बऱ्याचदा फेरफारात बहिणीचं आणि आईचं नावच घातलेलं नसतं.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं. एकदा सही केली की परत फिरवणं फार अवघड. म्हणून घाईत, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. महिनाभर थांबा, प्रार्थना करा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. हिस्सा घेतला तर माझ्या मनात हाव आहे का? (लूक 12 मध्ये वाटणीचा वाद घेऊन आलेल्या माणसाला येशूने न्याय करून दिला नाही, लोभापासून सांभाळायला सांगितलं.) आणि सोडला तर तो प्रेमाने सोडतेय की माहेर तुटेल या भीतीने? प्रेमाने सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा, निदान आईचे तीन एकर तिच्याच नावावर राहतील एवढं बघून. भीती असेल तर सही करू नका. हिस्सा ठेवून भावांना बटाईने कसायला देणं हाही मार्ग आहे, त्यात नातंही राहतं.

प्रश्न (लातूर): मी मंडळीच्या कमिटीवर वडील (एल्डर) आहे. पाळकांच्या बदलीवरून दोन गट पडलेत. एका गटातल्या ताई म्हणतात, प्रभूने त्यांना दर्शनात सांगितलं की पाळक राहिलेच पाहिजेत. आम्ही दैवी ज्ञान ओळखायचं कसं?

उत्तर: दर्शनाला खोटं म्हणू नका, पण त्याने चर्चाही संपवू नका. वरून आलेलं ज्ञान कसं असतं याची यादी याकोब 3:17 मध्ये आहे: शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारं, दयेने भरलेलं, पक्षपात नसलेलं. "प्रभूने सांगितलंय, आता बोलायचं नाही" हे ऐकून घेणाऱ्याचं वाक्य नव्हे. हीच कसोटी दुसऱ्या गटालाही लावा, आणि कमिटीलाही.

नीतिसूत्रे 18:17 सांगतं की आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. म्हणून दोन्ही गटांना वेगवेगळं, सारखाच वेळ देऊन ऐका. अर्धा-अर्धा तास पुरतो. एकाने फक्त लिहायचं. शेवटी लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवायचं: "तुमचं म्हणणं हेच ना?" ते "हो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्धा वाद इथेच विरतो. ज्याचा सख्खा नातेवाईक वादात आहे त्या सभासदाने निर्णयाच्या वेळी बाहेर बसावं.

प्रेषितांची कृत्ये 6 नीट वाचा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. लोकांनाच सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. तुमच्याकडे नाराज गटातला एकही माणूस कमिटीत नसेल, तर दुखणं बदलीचं नसून तिथलं असण्याची शक्यता आहे.

उलट उदाहरण यहोशवा 9 मध्ये. गिबोनी लोकांच्या बुरसटलेल्या भाकरी आणि फाटके बुधले पाहून पुढाऱ्यांनी तह केला, परमेश्वराला विचारलंच नाही. डोळ्यांना सगळं उघड दिसत होतं म्हणूनच फसले. उपास-प्रार्थना ठेवायची तर निर्णयाआधी ठेवा. ठरवून झाल्यावर "आता प्रार्थना करू" ही नुसती रबरी शिक्का मारण्याची रीत आहे. बदलीचा अधिकार तुमच्या पंथात बिशपांकडे असेल, तर कमिटीने दोन्ही बाजू लिहून तिथे पाठवाव्यात आणि आपला अधिकार कुठे संपतो हे मंडळीला सांगावं.

प्रश्न (नांदेड): नवरा दारू पिऊन मारतो. वडीलधारे म्हणतात, आधी एकांतात त्याला समजाव, मत्तय 18 प्रमाणे.

उत्तर: नाही. ती पायरी बरोबरीच्या भावांसाठी आहे, मार खाणाऱ्या बाईने मारणाऱ्यासोबत एकटं बसावं म्हणून नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा. लागलंच तर 112, महिलांसाठी 181. दवाखान्यात जखमा नोंदवून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्यात त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश दोन्ही मागता येतात. पौलानेही फटके मारायला निघालेल्या शताधिपतीला आपलं रोमी नागरिकत्व दाखवून थांबवलं होतं (कृत्ये 22:25). क्षमा आणि समेटाचं बोलणं मार थांबल्यावर, दारू सुटल्यावर, तिऱ्हाईत माणूस मध्ये बसवून. आणि हिंसा लेकरांवर, लैंगिक स्वरूपाची असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीला ते आपसात मिटवता येत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मी माफी मागितली, घरी जाऊन. तिने दार लावून घेतलं. प्रभुभोजनाला जावं की नाही?

उत्तर: जा. मत्तय 5:24 मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला सांगितलंय, तो प्रयत्न तुम्ही केलात. रोमकर 12:18 मध्येही "तुमच्याकडून होईल तितकं" अशी मर्यादा आहे. फक्त एक तपासा: नुकसान काही झालं होतं का? पैसे, उसनी वस्तू, कोणाजवळ बोललेली खोटी गोष्ट? गणना 5:7 मध्ये कबुलीसोबत पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. हजार रुपये असतील तर बाराशे पाकिटात घालून पाठवा, चिठ्ठी दोन ओळींची. खोटं ज्यांच्याजवळ बोललात त्यांना जाऊन खरं सांगा. पुन्हा दार वाजवायची घाई नको. पौल आणि बर्णबा मार्क नावाच्या सोबत्यावरून इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले (कृत्ये 15:39), आणि बऱ्याच काळानंतर पौलाने तुरुंगातून लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं दोघांनीही आपापलं काम चालू ठेवलं होतं. तुमच्या मैत्रिणीला वेळ लागू द्या. मंडळीत दिसली तर "जय ख्रिस्त" म्हणा, उत्तराची वाट न पाहता.