खाते गोठवले म्हणजे नेमके कोणी, कशासाठी आणि किती रकमेसाठी, हे आधी लेखी घ्या

घाटंजी तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे की, सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी महामंडळाला) दिलेल्या कापसाचे सुमारे १ लाख ६० हजार रुपये खात्यात जमा झाले आणि दोनच दिवसांनी एटीएममधून पैसे निघेनासे झाले. शाखेत गेल्यावर ‘सायबरचा होल्ड आहे, आमच्या हातात काही नाही’ एवढेच उत्तर मिळाले. होल्ड म्हणजे खात्यातले पैसे रोखून धरणे. वेचणीच्या बायांची मजुरी थकली आहे, मार्चअखेर पीककर्ज भरायचे आहे, आणि आता कोणाकडे जावे हे त्यांना कळत नाही.

मी २०१३ पासून आर्णी तालुक्यातील एका गावात बँकेचे ग्राहक सेवा केंद्र चालवतो. गोठलेली खाती घेऊन येणारी माणसे वर्षानुवर्षे पाहिली आहेत आणि २०२३ च्या जानेवारीत माझे स्वतःचे खातेही असेच गोठले होते. बाजाराच्या दिवशी एका अनोळखी माणसाने फोनवरून माझ्या खात्यात ४ हजार रुपये टाकले आणि तेवढी रोकड माझ्याकडून घेतली; आठवड्याभरात ८६ हजार रुपये शिल्लक असलेले अख्खे खाते बंद पडले. शाखेत ‘सायबर’ हा शब्द ऐकताच मी सायबर पोलिसांकडे जायला यवतमाळची एसटी पकडली. तिसऱ्या खेपेला एका हवालदारांनी संगणकावर पाहून सांगितले की, अशी कोणतीही तक्रार आपल्या जिल्ह्यात नोंदलेलीच नाही. त्या चुकीच्या दारात माझे २२ दिवस गेले. नंतर शाखेत लेखी अर्ज दिला, तेव्हा दोन दिवसांत कळले की तक्रार दुसऱ्या राज्यातील आहे आणि वादातली रक्कम फक्त ४ हजारांची आहे. तिथल्या ठाण्याशी पत्रव्यवहार करून खाते सुटायला आणखी २५ दिवस लागले. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे हे की, शाखेकडून लेखी तपशील हाती येईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही दारात जाऊ नका.

हे घडते कसे ते समजून घ्या, म्हणजे पुढचे पत्र नीट लिहिता येईल. देशात कुठेतरी एखाद्या माणसाची फसवणूक होते आणि तो १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढे ज्या ज्या खात्यांत वळले, त्या सर्व खात्यांच्या बँकांना ती रक्कम रोखून धरण्याची सूचना जाते. फसवणूक करणारा ते पैसे स्वतःजवळ ठेवत नाही. त्यातून तो माल घेतो, जनावर घेतो, रोकड उचलतो. साखळीच्या शेवटी ज्याने प्रामाणिकपणे माल विकला, त्याचे खाते सापडते. तेव्हा कापसाच्या पैशामुळे खाते गोठले असे समजून चालू नका. मागच्या काही महिन्यांत अनोळखी माणसाकडून फोनवरून आलेली रक्कम आठवा: फिरत्या व्यापाऱ्याला दिलेले सोयाबीन, विकलेला गोऱ्हा, कुटाराची बंडी. होल्ड कदाचित त्या रकमेचा असेल आणि कापसाचे पैसे काढायला गेल्यावर तो आज लक्षात आला असेल.

आता शाखेतला अर्ज. एका कोऱ्या कागदावर शाखा व्यवस्थापकांच्या नावे लिहा की, माझ्या अमुक खात्यावर कोणत्या तारखेपासून निर्बंध आहे, तो कोणत्या पोलीस ठाण्याच्या किंवा कार्यालयाच्या सूचनेवरून घातला, तक्रारीचा पोचपावती क्रमांक काय, वादातला व्यवहार कोणत्या तारखेचा, किती रकमेचा आणि कोणत्या व्यवहार क्रमांकाचा आहे, सूचनेत कायद्याचे कोणते कलम दिले आहे आणि ती सूचना पूर्ण खात्यासाठी आहे की तेवढ्याच रकमेसाठी, हे मला लेखी कळवावे. सूचनेची प्रतही द्यावी. अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊनच खिडकीवरून हला. शिक्का द्यायला कोणी खळखळ केली, तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाखेला आणि बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा आणि पावती जपून ठेवा. पोलिसांच्या सूचनेवरचा होल्ड व्यवस्थापक स्वतःच्या अधिकारात काढू शकत नाहीत, हे खरे आहे. त्यासाठी त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पण तपशील देणे त्यांच्या हातात आहे, आणि तो मागताना संकोच करू नका.

तपशील हाती आला की दुसरे पत्र तपासी अधिकाऱ्याला. ठाणे परराज्यातले असेल तर धावत जाण्याची गरज नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर प्रत्येक राज्याच्या नोडल (समन्वय) अधिकाऱ्यांचे आणि तक्रार अधिकाऱ्यांचे ईमेल दिलेले आहेत. तिथे आणि ठाण्याच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पाठवा. परराज्यातल्या अधिकाऱ्याला मराठी वाचता येईलच असे नाही, म्हणून गावातल्या शिक्षकांकडून किंवा शिकलेल्या मुलाकडून हिंदीत लिहून घ्या. पत्रात मोठ्या विनवण्या नकोत. मी शेतकरी आहे, अमुक तारखेला अमुक माल अमुक रकमेला विकला, त्याचे पैसे या व्यवहाराने आले, घेणाऱ्याचा हा मोबाईल क्रमांक, एवढे सरळ लिहा. सोबत सातबारा आणि त्यावरची पीक पाहणीची नोंद, बाजार समितीची किंवा गुरांच्या बाजाराची पावती, पासबुकाचे पान, त्या माणसाशी झालेल्या संदेशांच्या प्रती जोडा. सीसीआयची काटापट्टी आणि पैसे जमा झाल्याची नोंद वेगळी जोडा, कारण मोठी रक्कम सरकारी खरेदीची आहे आणि तिचा त्या तक्रारीशी संबंध नाही, हे त्यातून एका नजरेत दिसते. शेवटी मागणी दोन टप्प्यांत करा: पूर्ण होल्ड काढावा, ते तूर्त शक्य नसेल तर वादातली रक्कम रोखून बाकीचे खाते मोकळे करण्यास बँकेला कळवावे. माझ्या अनुभवात ही दुसरी मागणीच लवकर मान्य होते.

या मागणीला कायद्याचा आधारही आहे. बँक खाते ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. त्यामुळे पोलिसांना अधिकारच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र जुन्या दंड प्रक्रिया संहितेचे कलम १०२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६, असेही सांगते की अशी जप्ती केल्यावर पोलिसांनी ती विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे. ती कळवली आहे का, हा प्रश्न पत्रात जरूर विचारा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच अनेक खातेदारांच्या याचिकांवर बँकांना सांगितले की, पोलिसांच्या पत्रात नमूद असलेल्या रकमेपुरताच निर्बंध ठेवावा. तो निकाल आपल्याकडच्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी पत्रात त्याचा उल्लेख केल्याने मागणीला वजन येते.

दोन-तीन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली रक्कम परत मिळण्याचा अर्ज करता येतो आणि प्रकरण अडलेच तर आपल्यासाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. वकिलाच्या खर्चाने घाबरून बसू नका. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, अथवा १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाबद्दल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल, गैरसमज फार आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. पोलिसांच्या आदेशाचे पालन म्हणून बँकेने केलेली कृती लोकपालाच्या कक्षेत येत नाही. पण बँक तपशीलच देत नसेल, किंवा सूचना ९ हजारांची असताना स्वतःहून पूर्ण खाते अडवून बसली असेल, तर तो बँकेच्या सेवेचा दोष ठरतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार, असा क्रम आहे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. म्हणूनच त्या आवक शिक्क्याची तारीख मोलाची असते.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. अशा वेळी ‘तेवढे पैसे मला रोख द्या, मी तक्रार मागे घेतो’ किंवा ‘५ हजारांत खाते उघडून देतो’ असे फोन येतात. गेल्या हंगामात एका भाऊंनी असे ७ हजार रुपये दिले. खाते तर सुटले नाहीच, तो फोनही पुन्हा लागला नाही. खाते सोडवण्याची कोणतीही सरकारी फी नसते. पैसे परत करायचेच असतील, तर ते तपासी अधिकाऱ्यांच्या किंवा न्यायालयाच्या लेखी आदेशाने, बँकेमार्फतच.

आता मजुरी आणि कर्ज. तुमच्या नावे दुसऱ्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात खाते उघडण्यास या होल्डची आडकाठी नसते, आणि हे लपवाछपवीचे काम नव्हे. अजून कापूस द्यायचा असेल, तर पुढची गाडी काट्यावर नेण्याआधी आधार नव्या खात्याशी जोडून घ्या. आधारवरून येणारे पैसे, मग ते कापसाचे असोत की पीएम किसानचे २ हजार, शेवटी ज्या खात्याशी आधार जोडला असेल तिथेच जातात. जोडणी बदलली नाही तर नवे पैसेही त्याच गोठलेल्या खात्यात जाऊन अडकतील. वेचणीच्या बायांना तुमच्या अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवा. मी माझ्या केंद्रात पाहिले आहे, बँकेचा कागद डोळ्यांसमोर असला की माणसे थांबतात. नुसते ‘खाते बंद आहे’ म्हटले तर त्यांना ते बुडवण्याचे निमित्त वाटते, आणि दिवसभर पऱ्हाटीत वाकून बोटे फाडून घेणाऱ्या बाईला तसे वाटले तर तिचा दोष नाही.

पीककर्जाची मुदत होल्डमुळे थांबत नाही. वेळेत परतफेड करणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळते, त्यामुळे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याजाचा भार राहत नाही. मुदत एक दिवस जरी चुकली तरी ही सवलत हातची जाते. तेव्हा कर्ज त्याच बँकेचे असेल तर रोख भरणा करून पावती घ्या. रोख जमत नसेल तर मुदतीच्या आत लिहून द्या की, माझी रक्कम तुमच्याच बँकेत अडकली आहे, होल्ड सुटताच त्यातून कर्ज वळते करावे. या पत्राने सवलत वाचेलच असे नाही, पण पुढे तक्रार करताना हाच कागद कामाला येतो.

हे सारे पोलिसांच्या होल्डबद्दल झाले. शाखेचे लेखी उत्तर वेगळेच निघाले, तर दारही वेगळे. केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) थकले असेल तर बँकेच्या कोणत्याही शाखेत आधार आणि फोटो देऊन ते होते. वेचणीच्या दिवसांत बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून कोणी परत पाठवले, तर कागदपत्रांवर केवायसी करून घ्या असा आग्रह धरा. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने खाते निष्क्रिय झाले असेल, तर ते सुरू करायला शुल्क लागत नाही. जनधनच्या काळात अपुऱ्या कागदांवर उघडलेली ‘छोटी खाती’ मात्र आपल्या भागात अजून सापडतात, आणि त्यांच्या मर्यादा खातेदाराला कोणी सांगितलेल्या नसतात: शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढणे १० हजारांपर्यंत. सरकारी अनुदान आणि सरकारी खरेदीचे पैसे शिल्लक-मर्यादेत मोजायचे नसतात, पण व्यापाऱ्याचे पैसे मोजले जातात. आमच्या गावातल्या एका काकूंच्या तुरीचे १ लाख १२ हजार असेच अडले होते. पूर्ण केवायसी देऊन खाते साधे बचत खाते करून घेतले, तेव्हा चौथ्या दिवशी मोकळे झाले. थकीत कर्जापोटी बँकेनेच होल्ड लावला असेल आणि त्यात अतिवृष्टीची मदत अडकली असेल, तर मदतीच्या रकमेतून वसुली करू नये असे शासन निर्णयातच लिहिलेले असते. त्याची प्रत जोडून तहसीलदार आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे (लीड बँकेचे) जिल्हा व्यवस्थापक यांच्याकडे अर्ज द्या.

होल्ड सुटल्याचा संदेश आला की त्याच दिवशी शाखेत जाऊन पासबुक छापून घ्या. शिल्लक आणि काढता येणारी रक्कम सारखीच आहे का ते विचारा, कारण अनेकदा वादातली रक्कम मागे अडकलेली राहते. एटीएम आणि फोनवरचे व्यवहार वेगवेगळे सुरू करावे लागतात. तेही तिथेच तपासून पाहा. निर्बंध उठवल्याचे दोन ओळींचे पत्र मागून घ्या आणि पोलिसांच्या पत्रव्यवहारासोबत एकाच पिशवीत ठेवा. माझ्या खात्यावर त्याच तक्रारीवरून पाच महिन्यांनी दुसऱ्यांदा होल्ड आला होता, आणि ते पत्र दाखवल्यावर तो दुसऱ्याच दिवशी निघाला.