रेडिएटरच्या फॅनला स्विच लावा, पण ऑटोमॅटिकची वायर तोडू देऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचली. गाडी जुनी, कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा वर जातोय, रेडिएटरचा फॅन उशिरा लागतोय म्हणून डॅशबोर्डवर स्विच टाकायचाय, आणि गॅरेजवाला म्हणतोय 'थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन आपोआप लावणारा) काढून डायरेक्ट करून देतो'. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. डायरेक्ट अजिबात करू देऊ नका.

आमच्या गाडीला नेमकं हेच केलेलं. गॅरेजचं नाव घेत नाही. थर्मो स्विचच्या दोन्ही वायरी कापल्या, टेप गुंडाळली, फॅन नुसता डॅशबोर्डच्या स्विचवर ठेवला आणि आम्हाला सांगितलं 'एक्स्ट्रा स्विच दिलाय'. एक्स्ट्रा म्हटल्यावर कोणीही काय समजणार, ऑटोमॅटिक आहेच आणि हा वरनं जादाचा. दाजी गाडी घेऊन तळकोकणात गेलेले, येताना वैभववाडीवरनं करूळ घाट चढताना पुढं लोडचा ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरला रांगतीय, आणि स्विच दाबल्याशिवाय फॅन फिरणारच नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गगनबावड्याच्या अलीकडं बॉनेटमधनं वाफ. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड वाकलं, उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्यावं लागलं. जाब विचारला तर म्हणे ड्रायव्हरनं स्विच टाकायचा होता. अजून राग जात नाही.

तर माझं मत ठाम आहे, हातातला स्विच फॅन फक्त चालू करू शकला पाहिजे, बंद ठेवू शकला नाही पाहिजे. तुमच्या गाडीत रिले (आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की फॅनचा मोठा करंट चालू करणारी डबी) असेल आणि थर्मो स्विच त्या रिलेच्या कॉइलला अर्थ, म्हणजे बॉडीची निगेटिव्ह, देत असेल (बहुतेक ८५ नंबरची पिन, पण टेस्टरनं बघूनच) तर त्याच वायरीला जोड मारून एक वायर आत घ्या, स्विचमधनं बॉडीला अर्थ करा, झालं. जुनं काही कापायचं नाही. दोघांपैकी कुणीही अर्थ दिला की फॅन लागतो. स्विचमधनं फक्त कॉइलचा करंट जातो, अर्धा अँपिअरसुद्धा नाही, त्यामुळं साधा स्विच पुरतो. फॅनचा सगळा करंट स्विचमधनं नेला तर स्विच वितळतो. कॉइलचा पॉझिटिव्ह इग्निशनवरचा आहे ना तेवढं बघा, नाहीतर स्विच चालू राहिला की सकाळी बॅटरी झोपलेली. रिलेच नसेल, थर्मो स्विच थेट मोटर चालवत असेल, तर १२ व्होल्ट ४० अँपिअरचा रिले नवीन टाका आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच. रिलेच्या ८७ नंबरच्या पिनवरनं (फॅनला करंट जातो ती) डॅशबोर्डवर छोटा दिवा घ्या, रिलेनं करंट सोडला की नाही ते बसल्या जागी कळतं.

काम झाल्यावर फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर पेपरचं पान धरा. फॅन रेडिएटरच्या मागं, इंजिनच्या बाजूला असेल तर पान जाळीला चिकटलं पाहिजे. बाहेर उडालं तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात, फॅन उलटा फिरतोय. घाईत हे सर्रास होतं.

आणि एक, फॅन उशिरा का लागतोय ते आधी शोधा. कूलंट कमी असेल, आत हवा अडकली असेल तर थर्मो स्विचला गरम पाणी लागतच नाही, मग तो बिचारा काय करणार. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, थर्मो स्विच वेगळा) काढून टाका म्हणणारे भेटतील, ऐकू नका. घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या गाडीवर शिकलोय, तेव्हा वायरिंग चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडनंच करून घ्या आणि शक्यतो समोर उभं राहून. नवीन गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फॅनचा वेग कमीजास्त करतो, तिथं हा जुगाड करू नका. तुमच्या फॅनच्या मोटरला वायरी दोनच आहेत की जास्त, ते बघून इथं टाका, मग पुढचं सांगतो.