मालिकांवर निघालेल्या सायन्स फिक्शन कादंबऱ्या वाचण्यात अर्थ आहे का, की तो नुसता नावावर खपणारा माल असतो? सुरुवात कुठून करावी?

'नावावर खपणारा माल' हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. नेमके हेच शब्द मी आमच्या मामाकडून कित्येक वर्षं ऐकले आहेत.

मामा कॉलेजात मराठी शिकवायचा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची, ती मी एकही भाग न चुकवता बघायचे. अमेरिकेत ती ७९ भाग होऊन १९६९ मध्येच बंद पडली होती, हे मला कुठलं माहीत असायला! आपल्याकडे संपली तेव्हा मला रविवार खायला उठायचा. एका शनिवारी बाबांनी ऑफिसातून येताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आठ रुपयांना एक जुनं पॉकेट बुक आणलं. व्होंडा मॅकिन्टायर यांची 'द एन्ट्रॉपी इफेक्ट', १९८१ ची. पाठीचा डिंक सुटलेला, मधली पानं हातात येणारी.

डिक्शनरी मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होते. यानाचा कॅप्टन कर्क याचा खून होतो आणि तो होऊ नये म्हणून त्याचा सहकारी स्पॉक काळात मागे जातो, अशी गोष्ट. पण मला धरून ठेवलं ते सुलूनं. मालिकेत सुलू म्हणजे यान चालवणारा, हुकूम आला की बटणं दाबणारा. इथे तो बढतीसाठी झुरतो आहे, आणि त्यासाठी जिवाभावाचं जहाज आणि माणसं सोडून दुसरीकडे बदली घ्यायची का, या पेचात आहे. आणि त्याला नाव आहे: हिकारू. मालिकेच्या ७९ भागांत त्याला कुणी पहिलं नाव दिलंच नव्हतं, ते या बाईंनी दिलं. मी त्या नावाखाली पेन्सिलनं रेघ मारली.

मामानं पुस्तक उचललं, मागचं-पुढचं कव्हर पाहिलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "अगं, पात्रं दुसऱ्याची, यान दुसऱ्याचं. यात लेखकाचं काय?" मी ते परत काढून आणलं.

पुढे 'स्टार ट्रेक'चा १९९१ चा सहावा सिनेमा आला, त्याची कॅसेट आम्ही भाड्यानं आणली. मामा घरीच होता. सुलू आता स्वतः कॅप्टन झालेला, आणि सुरुवातीलाच लॉगमध्ये तो आपलं पूर्ण नाव सांगतो: हिकारू सुलू. मी व्हीसीआर थांबवला, आतून पुस्तक आणलं, पेन्सिलची रेघ दाखवली, छपाईचं साल दाखवलं. दहा वर्षं आधीचं. मामानं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे सिनेमानं घेतलं तेव्हा ते खरं झालं."

तेव्हा मला बोलता आलं नाही. आता बोलते.

मॅकिन्टायर यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यांना 'ड्रीमस्नेक' या कादंबरीसाठी ह्यूगो हे सायन्स फिक्शनमधलं मानाचं पारितोषिक मिळून गेलं होतं. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या भागांच्या कथा करून पहिलं पुस्तक काढणारे जेम्स ब्लिश हेही ह्यूगो विजेते. जो हाल्डमन यांनीही याच मालिकेवर दोन कादंबऱ्या लिहिल्या, तेही 'द फॉरेव्हर वॉर'ला ह्यूगो मिळाल्यावर. ही माणसं नावाला मोताद नव्हती. आणि पात्रं दुसऱ्याची म्हणाल, तर मामानं 'ययाति' वर्षानुवर्षं शिकवली. देवयानी, शर्मिष्ठा, कच, सगळे महाभारतातले. खांडेकरांचं त्यात काय, असं त्यानं वर्गात कधी विचारलं नाही. 'मृत्युंजय' तर १९६७ चीच. ओळखीच्या माणसाच्या आत शिरून लिहायचं कसब आपल्याला परकं नाही. फक्त इंग्रजी पॉकेट बुकात दिसलं की ते आपल्याला हलकं वाटतं.

उलट मालिकेवर लिहिणाऱ्याचे हात जास्त बांधलेले. पात्रांचे हक्क स्टुडिओचे, कथानक आधी मंजूर करून घ्यायचं, आणि शेवटी सगळी माणसं होती तिथे परत आणून ठेवायची. एवढ्यातून सुलूला जिवंत केलं, याला मी लेखन म्हणते.

ब्रिटनच्या 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेचं उदाहरण तर आणखी मोठं आहे. बीबीसीनं साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप पुसून टाकल्या. ते भाग मुलांपर्यंत पोहोचले ते टार्गेट प्रकाशनाच्या पातळ पुस्तकांतून. त्यातली साठहून जास्त एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. १९८९ मध्ये मालिका बंद पडल्यावर १९९१ पासून नव्या कादंबऱ्यांनी ती चालू ठेवली. त्यातली पॉल कॉर्नेल यांची १९९५ ची 'ह्यूमन नेचर' २००७ मध्ये त्याच मालिकेत घेतली, आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. 'सिनेमानं घेतलं तेव्हा खरं झालं' म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

हेही सांगायला हवं की भरताड भरपूर आहे. पटकथेला 'तो म्हणाला, ती म्हणाली' जोडून दिलेली पुस्तकं मी अर्ध्यात सोडली आहेत. आणि 'स्टार ट्रेक'मध्ये पडद्यावर येतं तेच अधिकृत धरतात. २०२० मध्ये त्यातलीच 'पिकार्ड' ही नवी मालिका आली, ती वीस वर्षांच्या कादंबऱ्यांशी जुळेना, म्हणून २०२१ मध्ये 'कोडा' नावाच्या तीन पुस्तकांत ते सगळं कथाविश्व मिटवावं लागलं. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी एकाच पुस्तकात संपणारी कादंबरी घ्यावी.

सुरुवात म्हणाल तर 'द एन्ट्रॉपी इफेक्ट'. ती आवडली तर जॉन फोर्ड यांची 'द फायनल रिफ्लेक्शन', १९८४ ची. क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतल्या शत्रू परग्रहवासीयांच्या बाजूनं लिहिलेली. मालिका आधी थोडी तरी पाहा, नाहीतर सुलूला नाव मिळालं याचं तुम्हाला काही वाटणार नाही. ई-बुक किंवा जुनी प्रत शोधा. माझी प्रत मी कुणाला देत नाही. पाठीला कापडी पट्टी लावून घेतली आहे आणि पेन्सिलची रेघ अजून दिसते.