लोणार गुलाबी झालं ही घटना की प्रक्रिया?

प्रश्न: मुलगा नववीत आहे. निबंधात त्याने लिहिलं, 'लोणारचं पाणी गुलाबी झालं ही एक नैसर्गिक प्रक्रिया होती.' बाईंनी 'प्रक्रिया' खोडून लाल पेनाने 'घटना' केलं. पोरगं म्हणतं दोन्ही एकच, मी म्हणते नाही, पण फरक विचारला की मलाच सांगता येत नाही. कोण बरोबर?
– एक आई, बुलढाणा

उत्तर: ताई, मार्क बाईंनाच द्यावा लागेल, पण पोरगं अगदीच हुकलंय असंही नाही.

तुम्ही बुलढाण्याच्याच, म्हणजे जून २०२० आठवत असेल. लॉकडाऊनचे दिवस, आणि एरवी हिरवट दिसणारं लोणारचं पाणी एकदम गुलाबी, फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर. काठावरून दिसलं ते एवढंच, पाणी गुलाबी झालंय. ही घटना. आणि मागे काय चाललं होतं, तर उन्हाने पाणी आटत होतं, पातळी खाली गेली, मुळातलं खारं पाणी आणखी खारट झालं, मग खारटपणा मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव भराभर वाढले आणि त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा हे कळलं, आणि गंमत म्हणजे ते जीव नमुन्याच्या तळाशी बसल्यावर वरचं पाणी चक्क नितळ! म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. तर हे आटणं, खारावणं, जीवांची वाढ, या सगळ्या प्रक्रिया, एकीतून दुसरी निघालेली. मुलाच्या डोक्यात बहुतेक हेच होतं, पण वाक्य त्याने वर दिसलेल्या रंगाबद्दल लिहिलं, तिथे फसला.

आता घरच्या घरी करायची टेस्ट सांगतो. 'कुठवर आलं?' असं विचारून बघा. विरजण लावलंय, दही कुठवर आलं? विचारता येतं, कारण दुधातल्या साखरेचं आम्ल होतंय, मग दूध घट्ट होतंय, मधे कधीही झाकण उघडलं तरी काम अर्धवट चाललेलं सापडतं. अकरावीची ॲडमिशन कुठवर आली? हेही चालतं. पण 'इंद्रधनुष्य कुठवर आलं?' असं कोणी विचारत नाही, विचारलं तर लोक आपल्याकडेच बघतील. तिथे आपण म्हणतो, अरे ते बघ! आणि शेजारचं पोर विचारतं, ते का दिसतं? मग थेंबात प्रकाश वाकतो, रंग वेगळे होतात, आतून परावर्तन होतं वगैरे सांगायला लागलो की आपण प्रक्रियेत शिरलो.

सरकारी पत्रात 'प्रक्रिया सुरू आहे' लिहितात ना, तिथेही शब्द बरोबरच असतो बरं का. पायऱ्या आहेत एवढं कळतं, आपण कितव्या पायरीवर आहोत ते तेवढं सांगत नाहीत.

खरा घोळ मात्र 'घटना' या शब्दाचा आहे आणि त्यात मुलाची काही चूक नाही. अमुक महिन्यात लोणारला अमुक झालं, हा एकदाच झालेला प्रसंग, त्यालाही मराठीत घटना. आणि खाऱ्या तळ्यांचं पाणी असं लालसर-गुलाबी होतं, इराणच्या उर्मिया सरोवराचंही झालंय, म्हणजे परिस्थिती जुळली की पुन्हा दिसू शकणारी गोष्ट, तिलाही घटनाच. इंग्रजीवाल्यांकडे पहिल्याला इव्हेंट आणि दुसऱ्याला फिनॉमिनन असे दोन वेगळे शब्द आहेत. (आपल्याकडे बरेच जण 'एक फिनॉमिना' म्हणतात, ते अनेकवचन आहे, पण ते जाऊ दे.) मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'जे दिसतं ते'. म्हणून मी असल्या ठिकाणी 'नैसर्गिक घटना' असं दोन शब्दांत लिहितो, म्हणजे अपघात-चोरीच्या बातम्यांतली घटना डोळ्यासमोर येत नाही. मुलाला सांगा, वाक्य असं कर: 'लोणार गुलाबी होणं ही नैसर्गिक घटना होती आणि ती सूक्ष्मजीवांच्या वाढीच्या प्रक्रियेमुळे घडली.' मग बाईंना खोडायला काही उरणार नाही.

प्रश्न: घटना म्हणजे घडलेली गोष्ट, तर मग राज्यघटनेत काय घडतं? लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे, हसू नका.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: हसत नाही, मलाही पडला होता. 'घट्' या संस्कृत धातूला घडणं हा अर्थ आहे तसाच जुळवणं, रचणं हाही आहे. घटक, संघटना, विघटन हे सगळं त्याच घरातलं. राज्यघटना म्हणजे राज्याची रचना, राज्य कसं जुळवून उभं केलंय ते. हिंदीवाले संविधान म्हणतात, आपण दोन्ही म्हणतो आणि बोलताना नुसतं 'घटना' म्हणूनही भागवतो. आणि वरच्या ताईंच्या मुलाला 'घटना' आणि 'प्रक्रिया' शेजारी बघायचे असतील तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६८ बद्दल बोलताना ते शेजारी येतात, त्याचा विषयच घटनादुरुस्तीचा अधिकार आणि तिची प्रक्रिया. तिथे आपली टेस्टही चालते: विधेयक कुठवर आलं? लोकसभेत झालं, राज्यसभेत अडकलंय.