मॅच चुकत नाही, प्रार्थना चुकते

मी समुपदेशक. मार्च उजाडला की वसईतल्या आया माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि आयपीएल एकदमच चालू असतात. मुलगा (हल्ली मुलगीसुद्धा) मॅचसाठी रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा आणि रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, पाचांपैकी दुसऱ्या रहस्यालाच पेंगायला लागलेला. "मॅडम, याचा देव कोण ते तुम्हीच विचारा त्याला." मुलं आपणहून आली तरी सांगतात तेच. सातत्य राहत नाही, रविवारपुरते ख्रिस्ती आहोत, सोमवारी ऑफिसात कुणाला पत्ताही लागत नाही.

त्यातल्या एकाला नेल्सन म्हणू या. नाव अर्थातच बदललेलं आहे. तिशीतला, अंधेरीच्या एका कंपनीत हिशेबाचं काम, मुंबई इंडियन्सचा कट्टर चाहता. 2025 च्या ईस्टरनंतर आला. पवित्र गुरुवारी, 17 एप्रिलला, चर्चमध्ये फादर, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धूत होते आणि हा मागच्या बाकावर, मोबाइल शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर काढून हैदराबादचा स्कोअर बघत होता. ईस्टरच्या संध्याकाळी मुंबईने चेन्नईला नऊ गड्यांनी हरवलं, त्याचाही त्याला आनंद झाला नाही.

"प्रभू पाय धुतोय आणि मी विकेटी मोजतोय. माझ्यापेक्षा नास्तिक बरा."

आता इथे उपदेश करणं सोपं होतं. मॅचला घसा बसेपर्यंत ओरडता आणि मिस्सेत गाताना तोंड उघडत नाही, हे त्याने लहानपणापासून प्रवचनात ऐकलं होतं, घरी तर रोजच. त्याने फरक काय पडला? अपराधीपणा वाढला आणि प्रार्थना होती तेवढीही गेली. म्हणून मी त्याला प्रार्थनेबद्दल विचारलंच नाही. क्रिकेटबद्दल विचारलं.

"या मोसमातली पहिली मॅच?"

"हरलो. पहिली मॅच देवाला, मॅडम! 2013 पासून तसंच आहे."

"नंतर?"

"पहिल्या पाचांत चार हरलो. मग ओळीने सहा जिंकलो ना."

"आणि 2024 ला?"

"दहावे. तळाला." तो जरा ओशाळला, जणू त्यानेच झेल सोडला होता.

"मग जर्सी टाकून दिलीस?"

"काहीतरीच काय!"

"बरं. उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी, रोज रात्री बायबल वाचायचं ठरवलं होतंस. पहिल्यांदा कधी चुकलं?"

"दुसऱ्याच आठवड्यात. ट्रेनचा घोळ झाला, घरी यायलाच बारा वाजले."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी उघडलंच नाही. वाटलं, झालं, मोडला नेम. आपण असलेच."

मी काही बोलले नाही. पंखा घरघरत होता. त्याने टेबलावरची किल्ली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग एकदम हसला. "म्हणजे टीमला चौदा मॅचेस, आणि मला एकच?"

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात अशी वाक्यं मोजकीच ऐकायला मिळतात, आणि ती समोर बसलेल्याच्या तोंडूनच यावी लागतात. मी फक्त पुढे सरकवलं: "हो. त्यांना साखळी फेरी, तुला थेट नॉकआउट." (हे मला तिथल्या तिथे सुचलं, याचा थोडा अभिमान आहे.)

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीतली. एलिस स्वतः नास्तिक. एका श्रद्धाळू कॅथलिक बाईने त्यांचं बोट धरावं, याची आमच्या एका फादरना फार गंमत वाटते. पण मला त्यात विसंगती दिसत नाही. आपल्याला मोडतात त्या चुका नव्हेत, "मी चुकताच कामा नये" हा हट्ट मोडतो, असं ही पठडी सांगते. ख्रिस्तसभेने पापनिवेदनाचा संस्कार ठेवला आहे, तो माणूस पुन्हा पुन्हा चुकणार हे धरूनच. पवित्र गुरुवारच्याच रात्री गेथशेमानी बागेत येशूचे शिष्य झोपले होते. त्यांच्यातल्या पेत्राने पहाटेपर्यंत त्याला तीनदा नाकारलं. नेल्सनच्या खिशातला मोबाइल त्या मानाने काहीच नाही.

चाहत्याकडून घ्यायचं ते नेमकं इथे. तो उत्साह आला म्हणून मॅच बघत नाही; वेळापत्रक ठरलेलं असतं, सोबत चार जण असतात, आणि एखादी मॅच हुकली तर तो मागची भरपाई करत न बसता पुढची बघतो. प्रार्थनेचंही तसंच करावं. वेळ ठरवा, मनःस्थितीची वाट बघू नका. घरातलं किंवा वॉर्डातलं एक माणूस सोबत घ्या. आणि चुकलेल्या दिवसांची थकबाकी वसूल करू नका. पाच दिवसांचे अध्याय एका रात्री वाचणारे सहाव्या दिवशी हमखास गळतात.

पण नेल्सन हुशार. पुढच्या खेपेला त्यानेच विचारलं, "मॅडम, पण मॅचमध्ये मला स्वतःला काही करावं लागत नाही. बॅटिंग तेच करतात."

खरं होतं. तुलना इथे तुटते आणि तुटायलाच हवी. मी विचारलं, तुझी बॅटिंग कुठे येते? बराच वेळ ऑफिसातलं काहीबाही सांगून झाल्यावर उत्तर आलं, अगदी हळू: "विरार फास्टच्या दारात." संध्याकाळी आधीच बोरिवलीला उतरणारा या लांबच्या लोकलमध्ये चढला की दारातला ग्रुप त्याला अडवतो, शिव्या घालतो, वेळ आली तर विरारपर्यंत नेतो. नेल्सन त्या ग्रुपमधला. गळ्यात क्रूस.

ग्रुप सोड, असं मी म्हटलं नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायला सांगितलं आहे. आम्ही त्यातलं एक गाडीत बसवलं. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल लागतो. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत डोळे मिटून दोन प्रश्न: आज देवाची आठवण कुठे आली, आणि आज कुणाला अडवलं? पूल रोज लागतोच, त्यामुळे आठवण ठेवावी लागत नाही. पावसाळ्यात एकदा त्याने सांगितलं, बोरिवलीच्या एका म्हाताऱ्याला वाट करून दिली, ग्रुपने दोन दिवस टर उडवली. बायबलवाचन मधेच आठवडाभर बुडालं होतं, ते त्याने ओघात सांगितलं. डोळे खाली न घालता.

आता आयांसाठी. "मॅचला जागतोस आणि देवाला झोपतोस" हे वाक्य जेवणाच्या ताटावरून कायमचं उठवा. मुलाची टीम, तिचा कर्णधार, कालचा निकाल माहीत करून घ्या. तो तुमच्या रोझरीला बसावा असं वाटत असेल तर एखादी ओव्हर तुम्ही त्याच्या शेजारी बसा. आणि संध्याकाळच्या सामन्याची नाणेफेक सातला होते, पाच रहस्यांना वीस मिनिटं पुरतात. सहा चाळीसच्या आत मेणबत्ती लावा.