काडी हिरवी राहिली म्हणजे कलम लागलं असं नाही

प्रश्न : कोयीपासून वाढवलेल्या आंब्याच्या चार रोपांवर मी घरीच पाचर कलम बांधलं, म्हणजे रोपाचा शेंडा कापून, खोड चिरून त्यात दुसऱ्या आंब्याची पाचरीसारखी तासलेली काडी बसवली. आठ-दहा दिवस काड्या छान हिरव्या होत्या, मग एकेक करून चारही काळ्या पडल्या. पाणी रोज घालत होतो. काय चुकलं?

उत्तर : तो हिरवेपणा खुंटाने (खालच्या रोपाने) दिलेला नव्हता, काडीचा स्वतःचाच होता. अंगातल्या पाण्यावर ती तेवढे दिवस काढते. तोवर सांधा जुळला तर जगते, नाहीतर काळी पडते.

सांधा जुळतो तो अंतरसालीचा. नखाने साल सोललीत की सालीखाली बोटाला जो ओलसर, बुळबुळीत थर लागतो, तो हा. काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना भिडलाच पाहिजे. माझा अंदाज, तुम्ही इथेच फसलात. खुंट पेन्सिलीएवढा आणि काडी त्याच्या निम्मी असेल, तर आपण ती नीटनेटकी मधोमध बसवतो आणि दोन्ही कडा चुकतात. ती एका कडेला सरकवा. दिसायला वाकडं दिसेल, दिसू दे.

काडी तीन-चार महिन्यांची, 10 ते 15 सेंटीमीटर लांब घ्या. पण थेट तोडून आणू नका. झाडावर असतानाच तिची पानं कापा, देठांचे तुकडे ठेवा आणि आठ-दहा दिवस थांबा. टोकाचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो) फुगला, देठ गळायला लागले की काडी तयार. तोडलेल्या दिवशीच बांधा. पाचरीचे काप नव्या ब्लेडने, एका ओढीत घ्यायचे. (मी सुरुवातीला भाजीच्या सुरीने तासत बसायचे. काप खडबडीत, मध्ये हवा, काडी खलास.) मग प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधा, वरून पिशवीची टोपी घाला आणि कुंडी सावलीत ठेवा. माती ओली आहे ना एवढं बघा, रोज पाणी नको.

आणि खरं सांगा, पट्टी सोडून बघितली होतीत ना? मीही बघायचे. जुळत आलेला सांधा त्यानेच सुटतो. नवी पानं फुटून पक्की होईपर्यंत पट्टीला हात लावू नका.

प्रश्न : लिंबाच्या झाडावर आंब्याचं कलम लागेल का?

उत्तर : नाही. कुळं वेगळी. लिंबाच्या झाडावर मोसंबी किंवा संत्रं मात्र लागतं.

प्रश्न : मोसंबीचा डोळा भरला आहे, म्हणजे सालीसकट काढलेला एक डोळा खुंटाच्या सालीत बसवून पट्टीने बांधला आहे. लागला की नाही, पट्टी न सोडता कसं ओळखायचं?

उत्तर : डोळा काढताना पानाचा देठ ठेवलात आणि बांधताना तो पट्टीबाहेर राहिला असेल, तर सोपं आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाला बोटाने हलकेच टेकवा. पिवळा पडून लगेच गळला, तर डोळा जिवंत आहे. वाळून, सुरकुतून तिथेच चिकटून बसला असेल तर डोळा गेला. तरी रोप उपटू नका. खुंटाच्या दुसऱ्या बाजूला, चांगल्या सालीवर, नवा डोळा भरता येतो.